हात लागेपर्यंत

केळीचा चीक कापडावरून जात नाही. लिंबू चोळा, रॉकेल लावा, ताकात भिजत घाला, तो आधी तपकिरी होतो, मग काळा पडतो आणि शेवटी त्या कापडाचाच होऊन बसतो. दिवाळीच्या आवराआवरीत आईनं माळ्यावरून मिक्सरचं जुनं भांडं खाली काढलं, तर ते माझ्या रग्बीच्या जर्सीत गुंडाळलेलं होतं. भडक जांभळा रंग, पाठीवरचा आकडा अर्धा उडालेला आणि डाव्या खांद्यापासून पोटापर्यंत चिकाचे काळे ओघळ.

"फेकी दिऊ का हाई?" आईनं विचारलं.

"भांडं फेक," मी म्हटलं आणि जर्सी तिच्या हातातून काढून घेतली. नाकाशी धरली. माळ्यावरची धूळ, डांबरगोळ्या आणि त्यांच्याखाली कुठेतरी तो तुरट, ओलसर वास. एवढ्या वर्षांनी कापडात वास राहत नाही हे मलाही कळतं. पण मला तो यायला हवा होता, म्हणून आला.

संध्याकाळी जर्सी पिशवीत टाकली आणि शाळेच्या मैदानाकडे निघाले. आमचं गाव तापीकाठचं, तिन्ही बाजूंनी केळीच्या बागा आणि चौथ्या बाजूला शाळा. मी जळगावला राहते, रस्ता काही फार लांबचा नाही, तरी त्या मैदानावर पाय ठेवून बरीच वर्षं झाली होती. मैदान तसंच उताराचं होतं आणि कडुनिंबही जागेवर होता. मुली पळत होत्या. त्यांच्या मागे, गळ्यात शिट्टी अडकवून, वनिता ओरडत होती. वनिता माझी मैत्रीण, आता याच शाळेत खेळाची शिक्षिका आहे. कडुनिंबाखालच्या दगडावर तिचे वडील बसले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. टोपी अजून पांढरीशुभ्र, नजर मात्र अधू झालेली.

सराव संपला तशी एक मुलगी चेंडू घेऊन आबांकडे गेली. त्यांनी तो मांडीवर घेतला, अंगठ्यानं सगळीकडून दाबून पाहिला, फिरवला, पुन्हा दाबला आणि मगच परत दिला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या चिमुरडीला वाटलं, मला हे नवीन दिसतंय.

"आबा रोज हवा बघतात," तिनं मला समजावून सांगितलं.

मी बरं म्हटलं. वनितानं लांबून माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबत तोंड फिरवलं.

*

रग्बी आमच्या गावात सरोज मॅडमनी आणली. त्या तालुक्याच्या कापडवाल्यांच्या घरातल्या. मूळ राजस्थानचे, पण चार पिढ्या इथेच. आमच्या गावातल्या निम्म्या लग्नांचे बस्ते त्यांच्याच दुकानात बांधलेले. त्या घरातली मुलगी पुण्याला शिकायला काय जाते, तिथे रग्बी काय खेळते आणि परत येऊन आमच्यासारख्या आडगावात खेळाची शिक्षिका काय होते, याचा उलगडा आम्हाला कधी झाला नाही आणि तेव्हा आम्ही विचारलंही नाही. आमच्यासाठी त्या एके दिवशी स्कूटीवरून आल्या आणि त्यांच्या पायापाशी एक लांबट चेंडू होता. आम्हाला वाटलं खरबूज आणलंय. तापीच्या पात्रात खरबुजाच्या वाड्या असायच्या, मॅडमनी वाटेत घेतलं असेल.

मॅडम ठेंगण्या होत्या, गोऱ्या आणि उन्हानं लगेच लाल होणाऱ्या. आवाज मात्र असा की बागेतले मजूर मान वर करून बघायचे. आम्हाला त्या 'बेटा' म्हणायच्या. रागावल्या की जास्तच बेटा म्हणायच्या. आमच्या जर्स्या त्यांनीच शिवून घेतल्या. दुकानात एक जांभळं थान पडून होतं, कुणी गिऱ्हाईक हात लावेना. "आता बघा कसा हात लागतो," त्या म्हणाल्या. सात जणी आणि बाहेर बसणाऱ्या काही, एवढ्यांना पुरून त्यात त्यांनी आमच्यासाठी पिशव्याही शिवल्या.

सूर्य मावळायच्या आत त्या जेवून घ्यायच्या. त्यांचा नेमच होता तो. सराव ऐन रंगात आलेला असायचा, उन्हं बागांच्या शेंड्यांवर चढलेली असायची, आणि मॅडम शिट्टी तोंडातून काढून डबा उघडायच्या. खाकरा, मुगाची उसळ, उकळून गार केलेलं पाणी. डावा हात मांडीवर, नजर आमच्यावर. घास गिळून झाला की मग ओरडायच्या, घास तोंडात असताना कधी नाही. आम्ही तेवढ्या वेळात वाट्टेल ते चुकून घ्यायचो. डबा बंद झाल्याचा 'टक' आवाज आला की सगळ्या शहाण्या व्हायचो. आजही स्टीलच्या डब्याचं झाकण कुठे तसं वाजलं की माझी पाठ ताठ होते.

सामान असं काही नव्हतंच. मैदानावर खुणा म्हणून ठेवायला केळीच्या खोडाचे तुकडे होते. समोरच्या खेळाडूला पाडायचा सरावही खोडांवरच चालायचा. घड कापून झाला की बागेत ते खोड निकामी उभं असतं, कुणीतरी ते पाडायचंच असतं. मॅडमनी बागवाल्यांना सांगितलं, आम्ही फुकट पाडून देतो. मग काय, शाळा सुटली की सात मुली बागेत घुसायच्या, खांदा लावायच्या आणि खोड 'फस्स' करून खाली यायचं. पाण्याचा फवारा तोंडावर, चीक खांद्यावर, पायाखाली पाल्याचा चिखल. तो आवाज आणि तो गारवा मला अजून अंगावर आठवतो. घरी गेलं की आई कपडे बघून कपाळाला हात लावायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन वाळत घातलेली असायची.

*

मॅडमना आवडायचा तो हल्ला. पाडणं, अडवणं हे त्या शिकवायच्या, पण ज्या दिवशी पासची चाल शिकवायची असेल त्या दिवशी त्यांचा चेहराच वेगळा दिसायचा. या खेळात पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे किंवा बाजूला. पुढे फेकला की चूक. म्हणजे जिच्याकडे चेंडू आहे तिला तिच्या माणसांतलं कुणीच दिसत नाही. ती सगळ्यांच्या पुढे असते, समोर फक्त पाडायला आलेल्या. मागे कुणीतरी आहे यावर विश्वास ठेवूनच पळायचं.

चालींना नावं आम्हीच दिली. पास दिल्यासारखं करायचं आणि द्यायचाच नाही, ती हूल. चेंडू देऊन झाल्यावर मागून फिरून पुन्हा घ्यायला यायचं, तो वळसा. दोघींनी एकमेकींचा रस्ता कापत पळायचं आणि जिथे रस्ते छेदतात तिथे चेंडूनं हात बदलायचा, ती कैची. कैची हे नाव ऐकून मॅडम फार खूश झाल्या. "कापडवाल्यांच्या घरात जन्मले ते फुकट नाही गेलं," म्हणाल्या. त्या मातीत काडीनं रेघा ओढायच्या, समोरच्या मुलींच्या जागी लिंबोळ्या मांडायच्या आणि एकेक लिंबोळी बोटानं सरकवत सांगायच्या, बघ, ही तुझ्याकडे आली की इथे दार उघडतं. ती आली पाहिजे. तू आधीच चेंडू देऊन मोकळी झालीस तर ती कशाला येईल? मला गणितात कधी एवढं समजलं नव्हतं जेवढं त्या लिंबोळ्यांत समजलं.

पण आम्हाला एक खोड होती, आणि ती सगळ्या जणींना होती. आमच्या हातातून चेंडू सुटायचाच नाही.

शेजारणीकडे चेंडू हवेतून फेकायचा, एवढं साधं काम. आम्ही पळत पळत शेजारणीपर्यंत जायचो, चेंडू तिच्या हातात ठेवायचो, तिनं नीट धरलाय ना ते बघायचो आणि मग सोडायचो. कधी कधी दोघी जणी चार हातांत एक चेंडू धरून मैदानभर पळायच्या. पाहणाऱ्याला वाटावं, या काहीतरी जड वाहून नेतायत. मॅडमनी सगळं करून पाहिलं. दोरी बांधून लांब उभं केलं, डोळे मिटून फेकायला लावलं. पावसाळाभर हेच चाललं. फेकायची वेळ आली की हात आपोआप थांबायचे आणि पाय शेजारणीकडे वळायचे.

"अगं टाक ना बेटा, काचेचा आहे का तो?" त्या वैतागून म्हणाल्या. आणि मग एकदम शांत होऊन विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

आम्ही सगळ्या वनिताकडे बघायला लागलो. वनिताचे आबा केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम होते. आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरचं कुणी ना कुणी त्या टोळीत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम बागेत हजर. मी आणि वनिता सोबत होतो. बागेत सकाळी वेगळाच अंधार असतो, हिरवा, आणि पानांवरून दव टपकत असतं. ट्रक रस्त्यावरच उभा होता, कारण आत चिखल. घडांच्या ढिगापासून ट्रकपर्यंत बायामाणसांची रांग लागली होती आणि घड एका हातातून दुसऱ्या हातात चालले होते. कुणी बोलत नव्हतं. पाल्याची सळसळ तेवढी.

"आबा, कुणी काही बोलत का नाही?" मॅडमनी विचारलं.

"बोलं तं दम जास," आबा म्हणाले. "हात सांगस ना बठ्ठं."

पद्धत अशी होती. घेणाऱ्यानं आधी आपला हात घडाच्या खाली घालायचा. देणाऱ्याच्या मनगटाला त्याचा हात लागला पाहिजे. मग देणाऱ्यानं वजन उतरू द्यायचं. मनगटावरचा भार गेला की सोडायचं. हात लागेपर्यंत सोडायचं नाही, मग पाय घसरो, पाऊस येवो, अंगावर मुंग्या चढोत. बोलायची गरजच नसते. आम्ही हे शिकलो असं म्हणता येणार नाही. पाण्याची कळशी असो की ताटली, आमच्या घरांत वस्तू अशाच एका हातातून दुसऱ्या हातात जायच्या.

मॅडम म्हणाल्या, मला रांगेत घ्या. आबा नको म्हणत होते, त्यांच्या ड्रेसकडे बघत होते. मॅडमनी ऐकलं नाही. पहिले काही घड नीट गेले. मग एकदा त्यांनी घाईनं हात काढून घेतला आणि घड पुढच्या बाईच्या गुडघ्यावर आपटून खाली पाल्यावर पडला. रांग थांबली. आबांनी तो उचलून मांडीवर घेतला, फिरवला, अंगठ्यानं फण्या दाबून पाहिल्या. मला तर घडाला काहीच झालेलं दिसत नव्हतं, हिरवागार होता.

"आज नई दिसत," आबा म्हणाले. "परवा दिल्लीले काया पडी." आणि तो घड त्यांनी बाजूला ठेवला.

मॅडम बांधावर जाऊन बसल्या. दोन्ही तळवे चिकानं काळे झाले होते, ड्रेसचं तर वाटोळंच. मला वाटलं रडतायत की काय. त्या हसत होत्या. "मी वेडी आहे गं," म्हणाल्या. "मी इतके दिवस तुम्हाला हेच विसरायला लावत होते. पुण्यात आमच्या सरांनी हे शिकवायला जीव तोडला होता, आम्हाला नाही जमलं."

त्या संध्याकाळपासून सराव उलटा झाला. लांब फेकायचंही शिकलोच, त्यातून सुटका नव्हती. पण कैचीत मॅडमनी आम्हाला आमच्या मनासारखं करू दिलं. पुढचीनं समोरच्या मुलीला अंगावर येऊ द्यायचं, अगदी अंगावर, आणि तिनं कमरेला मिठी मारली तरी चेंडू सोडायचा नाही. पडता पडता मागे धरायचा. मागून आपली मुलगी येईल, तिचा हात खाली लागेल, मनगटावरचा भार जाईल, मग सोडायचं. समोरच्या मुलींना वाटतं, हिला पाडली, काम झालं. आणि चेंडू तर निघून गेलेला असतो. कैचीतल्या दोघी म्हणजे वनिता आणि मी. ती पुढे, मी मागून. मी तिच्या पाठीकडे बघून पळायचे. तिच्या वेणीचा झोका कुठल्या बाजूला जातो त्यावरून मला कळायचं ती कुठे वळणार आहे.

मला मॅडमचं फार कौतुक वाटतं. तेव्हाही वाटायचं, पण तेव्हा त्यांची भीतीही वाटायची, त्यामुळे नीट वाटता यायचं नाही. आमची चूक बघून ती चूक आली कुठून हे बघायला चिखलात उतरणारी माणसं पुढे मला फारशी भेटली नाहीत.

*

धुळ्याला विभागाचे सामने होते. त्याच्या आधी आबा शाळेत आले. वनिताचा हात धरून आले आणि मॅडमसमोर तिची सलवार गुडघ्यापर्यंत वर करून दाखवली. गुडघा निळाजांभळा झाला होता, जर्सीशी जुळणारा. वनिता खाली बघत होती.

"मार लागेल माल कोनी लेत नई, मॅडम," आबा म्हणाले.

मॅडम लालबुंद झाल्या. "आबा, ती माल नाही."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "माले तसं म्हनानं नव्हतं," ते पुटपुटले. वाईट माणूस नव्हताच तो. पण जन्मभर त्यांनी एकच गोष्ट सांभाळली होती, आपल्या हातातून जाणाऱ्याला मार लागू नये. मुलीच्या बाबतीत वेगळा विचार कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. मग ते म्हणाले, "मी धुयाले यीसू. डोयासमोर देखसू. मन्ही पोर पडनी, तं मंग खेय बंद."

आम्ही खिडकीतून ऐकत होतो. मला वाटलं, मॅडम आता म्हणतील, नाही पडणार आबा, मी बघते. कुणीही तसंच म्हटलं असतं.

"पडेल आबा," मॅडम म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पाडतातच, खेळच तसा आहे. शब्द द्यायचा तर एवढाच देते, वनिता पडली तरी चेंडू पडणार नाही."

"चेंडूले मी काय करू?" आबा म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवसापासून वनिता बदलली. तिला खेळायचं होतं, दुसरं काहीच करायचं नव्हतं. शिलाईच्या क्लासची बोलणी घरात चालली होती ती तिला ऐकू यायची. मग तिनं तिच्या परीनं तोड काढली. समोरची मुलगी लांब दिसली की ती चेंडू देऊन टाकायला लागली. हात लागायच्या आत, घाईघाईनं. जिच्या हातून आयुष्यात चेंडू सुटला नव्हता तिला तो आता धरवत नव्हता. वनिता पडायची नाही, हे खरं. पण दार उघडायचंच नाही. समोरच्या जणी तिला सोडून सरळ माझ्यावर यायच्या. मी खोडासारखी आडवी व्हायचे. मॅडम बघायच्या, लिंबोळ्या मांडायच्या, आणि वनिताला काही म्हणायच्या नाहीत.

मला तेव्हा मॅडमचा रागच आला होता. सांगून टाका ना तिला, असं वाटायचं. आता वाटतं, काय सांगायचं होतं? बापाचं ऐकू नको म्हणायचं? की संघ हरू दे म्हणायचं?

*

धुळ्याची सकाळ थंडीची होती. अमळनेरमार्गे एसटीनं गेलो, खिडक्यांच्या फटींतून वारा शिरत होता आणि सगळ्या जणी एका शालीत दोन दोन बसल्या होत्या. आबा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मांडीवर कळण्याच्या भाकरीचं गाठोडं. वाटेत त्यांनी सगळ्यांना भाकरी-ठेचा दिला, मॅडमना वेगळी काढून ठेवलेली, लसणाचा हात न लागलेली चटणी दिली. "लसूण नई शे," एवढंच म्हणाले. मॅडमनी ती सूर्य चांगला वर येऊ दिल्यावर खाल्ली. 

मैदान आमच्यापेक्षा सपाट होतं, चुन्याच्या रेघा पांढऱ्या झळझळीत. समोरच्या मुली पिवळ्या जर्सीतल्या, हाडापेरानं मोठ्या. आमची जांभळी, चिकाचे डाग पडलेली टोळी बघून त्यांच्यातली एक हसली. आबा रेघेला लागून उकिडवे बसले, उपरणं गुडघ्यांभोवती गुंडाळून.

पहिला अर्धा भाग मला आठवायलाही नको वाटतो. वनिताकडे चेंडू आला की लगेच माझ्याकडे, आणि माझ्याकडे आला की दोन पिवळ्या माझ्यावर. नाकातोंडात धुळ्याची माती. त्या पुन्हा पुन्हा आमच्या रेघेपलीकडे जाऊन, चेंडू टेकवून गुण घेत होत्या. वनिताच्या जर्सीवर नवा डाग एकही नव्हता. आबा स्वस्थ बसले होते.

मधल्या सुट्टीत मॅडमनी गूळ-शेंगदाणे दिले. वनितासमोर त्या चवड्यांवर बसल्या आणि तिची सुटलेली बुटाची नाडी बांधत म्हणाल्या, "त्या तुझ्यावर येत नाहीयेत, कारण चेंडू तुझ्याकडे राहत नाही. शेवटी शेवटी एकदा कैची करू. धरायचा की द्यायचा ते तू ठरव. मी काहीच म्हणणार नाही, बेटा. आताही नाही आणि नंतरही नाही." त्यांनी नाडीला दुहेरी गाठ मारली.  

वनिता माझ्याकडे वळली. "तू येस ना मांगे?"

"यीसू," मी म्हटलं.

"तू हात लाव. मंग मी सोडसू."

सामना संपत आला होता. चेंडू वनिताला मिळाला आणि ती आडवी धावायला लागली, मी उलट्या बाजूनं तिचा रस्ता कापत निघाले. दोन पिवळ्या तिच्यासमोर. आता देईल, मला वाटलं, कारण गेले कित्येक दिवस ती इथेच देत होती. तिनं एकदा रेघेकडे पाहिलं, आबा बसले होते तिकडे. मग वेणी डावीकडे झोकली गेली आणि ती सरळ त्या दोघींच्या मध्ये घुसली.

एकीनं कमर धरली, दुसरीनं पाय. वनिताचा श्वास फुटल्याचा आवाज मला मागून आला. ती खाली जात होती, खांद्यावर, आणि तिचा हात मागे आलेला, चेंडू तळव्यावर तोललेला. मी वाकले, हात खाली घातला. माझी बोटं तिच्या मनगटाला लागली. त्या एका क्षणी चेंडू खरंच जड होता, घडासारखा. मग भार माझ्याकडे आला आणि ती जमिनीवर आपटली.

पुढे दार उघडं होतं. एकही पिवळी नव्हती. मी पळाले, पांढऱ्या रेघेपलीकडे गेले आणि चेंडू मातीत टेकवला. त्या दिवशीचा आमचा तेवढाच एक ट्राय. सामना आम्ही हरलो, मोठ्या फरकानं हरलो.

शिट्टी झाली तरी वनिता उठली नव्हती. हनुवटी फुटली होती, कोपर सोलवटलं होतं. आबा मैदानात येताना दिसले. पंच त्यांना बाहेर व्हा म्हणत होते, त्यांना ऐकू जात नव्हतं. मॅडम उठल्या आणि जागीच थांबल्या. मी वनिताशेजारी बसले होते आणि तिचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला. आता सगळं संपलं हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

आबा आमच्यापाशी आलेच नाहीत. ते तसेच पुढे गेले, पांढऱ्या रेघेपलीकडे, मी चेंडू टेकवला होता तिथे. तो उचलला. उपरण्यानं माती पुसली. मग तिथेच खाली बसून तो मांडीवर घेतला, फिरवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. सगळं मैदान बघत होतं आणि ते मन लावून तपासत होते. मग उठून ते वनितापाशी आले. तिच्या हनुवटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते.

"मार नई लागना," ते म्हणाले आणि चेंडू तिच्यापुढे धरला.

वनितानं सोललेला हात पुढे केला, चेंडूच्या खाली घातला. मगच त्यांनी सोडला. शिलाईच्या क्लासचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. मॅडम पाठ फिरवून उभ्या होत्या, जांभळ्या पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत.

*

पुढच्या उन्हाळ्यात सरोज मॅडम सुरतला गेल्या. का गेल्या, कुणी सांगितलं नाही. स्कूटी तशीच दुकानासमोर बरेच दिवस उभी असायची. मला कधी कधी वाटतं, तिकडेही कुठल्या मैदानाच्या कडेला सूर्य मावळायच्या आत एक डबा उघडत असेल. वाटतं एवढंच. मी शोधलं नाही.

मैदानावर आता अंधारायला लागलं होतं. मुली सायकली काढत होत्या. वनितानं माझी जर्सी पिशवीतून ओढून काढली, अंगाला लावून पाहिली, मग माझ्या अंगाला लावून पाहिली आणि माझ्या पोटाकडे बघून खो खो हसली. एकदा कैची करून बघू म्हणाली. मी म्हटलं, कंबर मोडेल. तरी केली, मैदानाच्या निम्म्यापर्यंत, आणि दोघीही धापा टाकत कडुनिंबाखाली येऊन बसलो. चेंडू आबांकडे गेला, नेहमीसारखा.

त्यांनी तो तपासला. नजर अधू झाली तरी अंगठा तोच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग, कोण बसलंय ते नीट न दिसताच, त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि धरून राहिले. मी दोन्ही हात खाली लावले. मग त्यांनी सोडला.